आत्याला सांगितलं होतं

खोडाळा
९ डिसेंबर २०२४

ती. अनसूयावन्सं यांस,
चंदनाचा नमस्कार. नागली झोडून झाली. थंडी वाढली आहे, गुडघ्यांना तेल लावत जा.

फोनवर तुम्ही रडायला लागता आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते. "ताईला काही बोलू नकोस," असं ह्यांनी बजावलंय.

दिवाळीच्या सुट्टीत रुचिरा आमच्या अंगणात कोसळली, ते तुम्हाला कळलंच. काल तिला मुंबईहून घरी आणलं. तान्ही असताना तिच्या हृदयावर पेसमेकरची वायर शिवली, तेव्हा पोर वाढणार म्हणून जास्तीची वायर आत सैल सोडली होती. रुचिरा वाढत गेली आणि त्या वायरीचाच वेढा हृदयाला बसला, फास आवळावा तसा. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं, यात कुणाचा दोष नाही. छाती उघडून ती वायर काढली, नवी बसवली.

मी विचारलं, "आता धावेल ना?"

"आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. हृदय अशक्त झालंय.

वॉर्डात मी तिच्यावरच चिडले. "छातीत दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"आत्याला सांगितलं होतं. गणपतीपासून सांगत होते. ती म्हणाली, मशीन चालू आहे ना, मग काही होत नाही. आईला सांगू नको, ती तुला लगेच घेऊन जाईल."

वन्सं, शाळेचा जिना चढताना ती मध्येच बसायची, हे तुम्ही बघत होतात. मी फोन केला की "मजेत आहे" म्हणायचात. तुम्हाला मूल नाही, तिच्यावर तुमचा जीव, म्हणून तर मी तिला जव्हारला तुमच्याकडे शिकायला ठेवली. आणि घर रिकामं होईल या भीतीने तुम्ही तिला दुखणं गिळायला लावलंत. त्या वायरीवर मी काय रागवू? तिला कळत नव्हतं.

रविवारी हे तिचे कपडे, दप्तर न्यायला येतील. ती परत येणार नाही. तुम्हीही इतक्यात येऊ नका.

शेवटी तिचा नमस्कार लिहावा म्हणून तिला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हणून लिहिला नाही.

रुचिराची आई,
चंदना