किल्ल्यात आत काय हाय

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

हिमोग्लोबिन आठ! डॉक्टर मॅडमनी कागद दोनदा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "चालत आलीस ना वरपर्यंत?" मी म्हणाले, हो, जिन्यानं आले. त्यांना हसू आलं. मला काही आलं नाही.

कॉलेजात आज मुलींची तपासणी होती. निम्म्या मुलींचं रक्त माझ्यासारखंच, पण सगळ्यात कमी माझं. लोहाच्या गोळ्या दिल्या. गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, उन्हात हिंड. मग विचारलं, रविवारी काय करतेस? कपडे धुते. आणि? आणि काय, वाळत घालते.

सत्यशीला मॅडम शेजारीच उभ्या होत्या, आम्हाला मानसशास्त्र शिकवतात त्या. म्हणाल्या, एक वही कर. आठवड्यात स्वतःसाठी काय केलंस ते लिही. कुणाला दाखवू नको, मलासुद्धा. म्हणून ही वही. पहिलं पान भरत आलं आणि स्वतःसाठी केलेलं अजून काही सापडलं नाही. दीड वर्ष झालं अंबाजोगाईत येऊन. होस्टेल, कॉलेज, मेस. यापलीकडं गाव कुठवर आहे तेही मला माहीत नाही.

त्याला कारण आबा, माझे वडील. अ‍ॅडमिशनच्या दिवशी गेटातच बजावलं होतं – "कॉलेज आन् होस्टेल. तिसऱ्या जागी दिसलीस तर पेटी उचलायची आन् घरी. मंग जानकी म्हनंल तसं." जानकीबाई म्हणजे माझी आत्या. तिला तिच्या मुलासाठी मी हवी आहे, तीही येत्या उन्हाळ्यात. आबा एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत. तेवढंच बरं आणि तेवढंच वाईट.

५ जानेवारी, रविवार

मोहिनीनं – माझी खोलीतली मैत्रीण – तोंडाला मुलतानी माती थापली. सेल्फ-केअर म्हणे. मलाही थापली. ती वाळली की हसता येत नाही. मग दोघी न हसण्याची शर्थ करत बसलो आणि नेमक्या वॉर्डन बाई दारात. नुसत्या बघून गेल्या. मोहिनीची माती तडकली ना!

धुतल्यावर तोंड होतं तसंच.

दुपारी पाय मोकळे करायला म्हणून स्टँडपर्यंत गेले. दहा मिनिटांचा रस्ता, दीड वर्षात पाचव्यांदा. पाट्या वाचत उभी राहिले. परळी, केज, धारूर, माजलगाव, कडा. सगळी नावं ऐकलेली, आणि बघितलेलं एक कडा, ते आमच्या गावाजवळचं म्हणून. आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. आई सोबत, घोड्यावर बिऱ्हाड. ह्या सगळ्या गावांच्या शिवारातून हिंडतात आणि पाऊस लागला की माघारी येतात. मी शाळेसाठी गावात, रतनबाई आजीजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीतले काही दिवस कळपामागं, तेवढंच. म्हणजे सगळं घर चालतं आणि मी एकटी बसून आहे. रक्त कुठून वाढणार?

ठरवलं. दर रविवारी एक जागा. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत परत. फक्त मोहिनीला माहीत असेल.

१२ जानेवारी, रविवार

सुरुवात जवळून. हत्तीखाना. गावातच आहे आणि मला माहीत नव्हता, लाज वाटली. आख्खा खडक कोरून केलेली जागा. अंगणात दगडाचे हत्ती, कुणाची सोंड तुटलेली, कुणाचा कान. आतल्या खांबाला गाल लावला तर गार. माठाला लावावा तसा गार. बाहेर ऊन आणि आत हे!

एक हत्ती मध्येच सोडून दिल्यासारखा वाटतो. कोरणारा का थांबला असेल? जेवायला गेला आणि आलाच नाही? लई वेळ त्याच्याजवळ बसले. कुणी म्हणालं नाही, ऊठ, काम आहे.

परत येऊन तीन भाकरी खाल्ल्या. मेसच्या छबुबाई बघतच राहिल्या.

१३ जानेवारी, सोमवार

आबांचा फोन. केजच्या बाजूला आहेत, कुणाच्या तरी तुरीच्या रानात मेंढरं बसवलीत. रानाला खत, आबांना धान्य, असा सौदा. मी साळसूदपणे विचारलं, "आबा, हत्तीखान्यात काय असतं हो?"

"काय म्हाईत. बाहेरनं बघितलाय. मेंढरं घिऊन आत कुठं जानार?"

"आणि परळीच्या देवळात?"

"कळस बघितलाय. लांबनं हात जोडतो की."

तीस वर्षं झाली हिंडतात. कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुठल्या गावचं कुत्रं चावरं आहे, सगळं तोंडपाठ. आणि एकाही जागेच्या आत काय आहे ते ठाऊक नाही. मला रागच आला. एवढं चालून उपयोग काय?

१९ जानेवारी, रविवार

परळी. देवळाच्या पायऱ्या चढले, दर्शन घेतलं. आबांच्या वाटचं डोकं पण टेकवलं, तिथं जागा होती म्हणून.

मग स्टेशन. रेल्वे जवळून पहिल्यांदाच बघितली. एक रिकामी गाडी उभी होती. एका आजीला विचारलं, आत गेलं तर चालतं का? ती म्हणाली, "जा की, गाडी काय खाती व्हय तुला?" चढले. खिडकीपाशी दोन मिनिटं बसले. उतरले. झाला माझा रेल्वेचा प्रवास!

गावाबाहेर थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या चिमण्या. तिकडच्या लिंबाच्या झाडांवर राख बसलेली, पानं हिरवी का करडी ते पुसून बघावं लागतं. मी एक पुसून बघितलं. हिरवंच होतं.

बसमध्ये भीती वाटली, कुणी ओळखीचं असेल तर? पदर असता तर डोक्यावर घेतला असता. ओढणी घेतली.

२० जानेवारी, सोमवार

रोज गूळ-शेंगदाणे. रोज साडेदहाला झोप. मोहिनी म्हणते, तू म्हातारी झालीस. होऊ दे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, मग भाषणं. हा रविवार वाया.

२ फेब्रुवारी, रविवार

काय करून बसले मी हे! लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

धारूरला गेले होते, किल्ला बघायला. गावातून चालत किल्ल्याकडं निघाले. तटबंदी दिसायला लागली आणि ऊर भरून आला, इतकी मोठी. वाटेत डाव्या हाताला एक मेंढरांचा कळप होता. मेंढका लांब, बाभळीखाली तंबाखू मळत पाठमोरा. आणि पुढची चार मेंढरं सरळ हरभऱ्याच्या हिरव्या रानात निघालेली. हरभऱ्यात मेंढरू गेलं म्हणजे भांडण आलंच.

मी विचार केलाच नाही. तोंडातून हाळी निघून गेली. आबांची हाळी. जीभ टाळूला लावून तीनदा र्र-र्र-र्र आणि शेवटी लांब हेऽऽ. प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते, कळप त्याच एका हाळीला वळतो. आणि दुसऱ्याच्या कळपाला कधी हाळी घालायची नसते. आमच्यात हे बोलायला लागायच्या आधी कळतं! मेंढरं बिचकतात, फुटतात. तशीच फुटली. निम्मी रस्त्यावर आली.

पण त्यातली एक मेंढी थांबली. मान वर केली. आणि पळत सरळ माझ्याकडं आली, येऊन गुडघ्याला डोकं घासायला लागली.

बांडी. पांढरी, पोटावर काळा पट्टा. तिची आई मेली तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजलेलं. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वर्षी आबांनी ती कड्याच्या बाजारात विकली. विकल्याचं मला नंतर सांगितलं. मी दोन दिवस जेवले नव्हते.

मी तिथंच खाली बसले, तिच्या गळ्यात हात टाकून. रडायला आलं. रडले.

मेंढके मामा पळत आले, कळप आवरला. सुग्रीव त्यांचं नाव, आबांच्या वयाचे. आधी रागानं, "दुसऱ्याच्या कळपाला हाळी घालती व्हय गं?" मग बांडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आवाज उतरला. "ही मेंढी मी नाथाकडनं घेतलीय. आन् हाळी बी नाथाचीच. तू नाथाची पोरगी हायस का?"

खोटं कसं बोलणार? मेंढी गुडघ्याला चिकटलेली.

मी म्हणाले, हो, पण कॉलेजची सहल आलीय. त्यांनी मागं बघितलं, पुढं बघितलं. रस्त्यावर मी एकटी. "बाकीची पोरं कुठं हायती?"

मी म्हणाले, "मामा, आबांना सांगू नका."

"कावून? चोरी केलीस का? नाथा मंगळवारी भेटनार हाय मला, केजात."

पुढं मी काय बोलले आठवत नाही. मिळेल त्या बसनं परत आले. किल्ला तर राहिलाच. दारातसुद्धा गेले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ते दोघं भेटणार. फोन चार्जिंगला लावून समोर घेऊन बसले. वाजला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाजला नाही. आठवड्यातून एक फोन आबा नेहमी करतात, तोही केला नाही. मोहिनी म्हणते, विसरले असतील. आबा मेंढरांचे चेहरे विसरत नाहीत, हे काय विसरतील!

मी लावू का? लावला आणि त्यांनी उचलून नुसतं "हं" म्हटलं तर?

९ फेब्रुवारी, रविवार

कपडे धुतले. वाळत घातले.

खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त आहे, आणि तो माझाच मला. किल्ल्याच्या शंभर पावलांवरून पळून आले. घरी न्यायचंच असेल तर निदान बघून तरी यायचं होतं. आता तिथं आत काय आहे ते मला आयुष्यभर कळणार नाही. आत्याच्या घरून धारूर केवढं लांब! आणि आत्या कुठं जाऊ देणार आहे मला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा तपासणी. साडेनऊ! डॉक्टर मॅडम खूश. "काय केलंस?" मी म्हणाले, हिंडले. "हिंडत राहा मग." मान हलवली. सत्यशीला मॅडमनी जाताना हळूच विचारलं, वही चाललीय का? चाललीय म्हणाले. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं असावं, पण खोदून विचारलं नाही त्यांनी. बरं केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन. "रविवारी आबा येनार हायती तुझ्याकडं. सकाळीच. तयार ऱ्हा."

कशाला, विचारलं.

"त्येंनाच इचार. मला काय सांगत्यात व्हय? आठ दिस झाले, जेवताना बी बोलत न्हाईत."

फिरतीवर असताना मेंढरं सोडून आबा कधी कुठं गेलेले मला आठवत नाही. आजोबा आप्पाराव गेले तेव्हासुद्धा मातीला कळप घेऊनच आले होते. आणि रविवारी येणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पेटी भरली. पुस्तकं वर ठेवलीत, म्हणजे आबा म्हणाले की लगेच मोहिनीला देता येतील. तिला सांगितलं तर ती पुस्तकं परत कपाटात लावत बसली. दोनदा. मग दोघी भांडलो आणि मग दोघी रडलो.

उद्या आबांना एकच गोष्ट सांगायची, घरी न्या पण वाटेत एकदा धारूरला उतरू द्या. दहा मिनिटं. एवढं तरी ऐकतील का? नाही ऐकणार. तरी विचारणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आबा सातलाच गेटात. नवं धोतर, आईनं दिलेली खारकेची पिशवी. माझी पेटी बघून म्हणाले, "ही कावून आनलीस?" मी ती पायामागं सरकवली. मग स्वतःच बोलले, दुसरीकडं बघत – "सुग्रीवनं सांगितलं. पयले चार दिस लई राग आलता. मंग वाटलं, पोरीला इचारावं तरी. त्या किल्ल्यात आत काय हाय गं?"

मी म्हणाले, "मी आत गेलेच न्हाई, आबा. तुमाला भिऊन पळाले."

"मी बी न्हाई गेलो. तीस सालं झाली." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मेंढरं आज सुग्रीवकडं हायती. आन् जानकीला सांगितलंय, पोरीचं हिंडायचं ऱ्हायलंय अजून."

पेटी परत खोलीत ठेवली. बसमध्ये खिडकी आबांना दिली. किल्ल्याच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हणाले, आबा, देऊळ न्हाई हे. "असू दे," म्हणाले. मग जरा बाजूला सरकले.

"तू हो म्होरं."