नळीवर लिहिलेलं ‘उकळलेलं’

झाग्रेब, ९ ऑक्टोबर

प्रिय ल्येर्काबाई,

नमस्कार. अंजिरांचा जॅम पोचला. सोबत नेहमीप्रमाणे चिठ्ठी नाही. पण बेटावरून बरणी येते आहे तोवर तुम्ही मला टाकलेलं नाही, असं मी धरून चालते. गुडघा कसा आहे? ऑलिव्हच्या झाडांवर चढू नका, हे तुम्हाला सांगून उपयोग नाही म्हणा.

इकडे सगळं छान. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर रिकामा केला. माझी विद्यार्थिनी तेना बर्फ खरवडता खरवडता म्हणाली, "मॅडम, नऊ वर्षांपूर्वी तुमचं अक्षर वाचता येत होतं की!" तिच्या हातात एक नळी होती. वर लिहिलेलं, ‘उकळलेलं’.

तो प्रयोग तुम्ही विसरला नसालच. मेंदूच्या पेशींवरच्या प्रथिनांना साखरेच्या साखळ्या लगडलेल्या असतात. त्या छाटल्या की पेशींचं आपसातलं बोलणं मंदावतं, हे तुमचं म्हणणं. एका बशीत छाटणारं एन्झाइम घातलं, दुसरीत तेच, पण उकळून मारलेलं, म्हणजे काहीच न छाटणारं. आणि बोलणं दोन्हीकडे सारखंच मंदावलं. म्हणजे साखरेचा काही संबंध नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. तुम्हीसुद्धा. वर्षभरात तुम्ही संशोधनच सोडलंत.

मी ती नळी तपासली. आतलं एन्झाइम जिवंत आहे.

आता आढेवेढे पुरे. त्या सकाळी मी नळीवर आणि वहीत ‘उकळलेलं’ असं आधीच लिहून टाकलं आणि ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून कॉफीला गेले. आपल्याकडची पाच मिनिटं! परतले तर तुम्ही दारातच विचारलंत, "दुन्या, उकळलंस ना?" मला आठवत नव्हतं. मी "हो" म्हटलं. पुढे शंका कुरतडत राहिली, पण बोलायचा धीर झाला नाही. जॅम मात्र दरवर्षी खाल्ला. लाज वाटते, बाई.

या वेळी उकळताना मी स्वतः शेजारी उभी राहिले. प्रयोग तीनदा केला. उकळलेल्याच्या बशीत पेशी मस्त गप्पा मारत होत्या. छाटलेल्या बशीत जेमतेम कुजबुज. तुमचं खरं होतं! मी तेनासमोरच रडले, मग हसले. कितीतरी दिवसांनी शांत झोप लागते आहे.

शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं राहील आणि चूक माझ्या नावानिशी छापली जाईल. शनिवारच्या बोटीने येते, वह्या आणि नऊ रिकाम्या बरण्या घेऊन. दार उघडलं नाहीत तर सगळं पायरीवर ठेवून परत जाईन; वह्या मात्र वाचा.

तेव्हा "हो" म्हणालेली,
तुमची दुन्या