गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

नारळ दोन्ही हातांत धरून तुम्ही मध्येच थांबलात, अण्णा. पुळणीवर शेजारच्या काकीची नवी होडी, भोवती आम्ही दहा-बारा जण. तुम्ही देवाला गाऱ्हाणं घालताय, मासळी मिळू दे, वाऱ्यात सांभाळ, आणि प्रत्येक वाक्यावर आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणतोय. थांबून तुम्ही म्हणालात, ‘आणि जो कोण ह्या घराक पाठ करून गेलो आसा, त्येका उंबऱ्याक परत घेवन ये रे म्हाराजा.’ आम्ही सवयीने व्हय म्हटलं. काकी मटकन वाळूत बसली. थोरला मुलगा बोटीवर नोकरीला आहे, असं ती गावाला सांगत आली होती. तो भांडून गेला होता, हे तिच्या घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

परतताना मी विचारलं, ‘अण्णा, तुमका कोणी सांगल्यान?’

‘कोणी नाय.’

‘मगे?’

‘तोंडात इला. पायाखाली बघून चल.’

काकीला ते पटलं नाही. तुम्ही दाराआडून ऐकलंत, असं तिने धरलं. पुन्हा तिने तुम्हाला गाऱ्हाण्याला बोलावलं नाही, आणि तुम्हीही समजूत काढायला गेला नाहीत.

मी गोष्टी लिहिते. कुठून सुचतं, असं लोक विचारतात तेव्हा काहीतरी नीटनेटकं उत्तर देते. खरं म्हणजे मी खूप वेळ खोटी वाक्यं लिहीत बसते, मग एखादं असं येतं की आतून कोणीतरी व्हय म्हणतं. ते कोण, मला माहीत नाही.

परवा एका म्हाताऱ्याची गोष्ट पुरी झाली. तो दर वर्षी खाडीत एक शहाळं सोडतो, पहिल्या मुलीसाठी. ती सव्वा महिन्याची असतानाच गेली. आज दुपारी आईला वाचून दाखवली. ती आमसुलं निवडत होती. तिचा हात थांबला.

‘ह्या तुका बापाशीन सांगल्यान.’

‘नाय गो आये. माका सुचला.’

‘सुचला म्हणे. शपथ घातलेली त्यांका. माका वाटलेला, तेवढा तरी पाळल्यानी.’

ती उठून आत गेली. शहाळं मी रचलेलं, अण्णा. मुलगी खरी निघाली. तुम्ही शब्द मोडलात असं ती आता धरून बसली आहे, आणि नाही म्हणू शकणारे तुम्ही एकटेच होतात; तुम्ही तर गेलात.

एक कबूल करते. तीन-चार वर्षांची असताना अर्धवट झोपेत हे माझ्या कानावर पडलंही असेल. काकीचं बोलणं तुमच्याही पडलं असेल. पण मला तसं नको आहे. ते नुसतं तोंडात आलं, असंच मला हवं आहे. तुम्हाला लिहिलेले हे कागद टेबलाच्या खणात राहतील.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, गोष्टीत पोरीचं नाव काय ठेवलंस. ठेवलं नाही, मी म्हटलं.

‘आमी ठेवलेला,’ ती म्हणाली, आणि तिने ते सांगितलं.