एक वडी कमी

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सुटी फक्त कॅलेंडरवर. सकाळपासून फोन, "मॅडम, आज तरी उपास धरू द्या ना." माझ्याकडे खाण्याच्या आजारासाठी येणाऱ्या मुलींना उपास बंद, आणि हा नियम घरच्यांना देवाशी वैर धरल्यासारखा वाटतो. पिंपरी पेंढारच्या एका आजींनी सरळच विचारलं, "तुमी कंच्या धर्माच्या वो?" म्हटलं, आजी, मी आत्ता साबुदाण्याची खिचडी खात बोलतेय. हसल्या. नात जेवली.

दुपारी स.च्या आईचा फोन, शिनोलीहून. मागे भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न. "जेवली मॅडम! भाकरी, वरण, समदं. आमच्या पंक्तीला बसून." स. अकरावीतली. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आली तेव्हा घोडेगावच्या क्लिनिकचा जिना थांबत थांबत चढली होती, आणि आई म्हणत होती, "भूक मेलीय तिची, टॉनिक लिहून द्या." भूक कुठली मेली होती! पोर दिवसभर भुकेचाच विचार करायची आणि खायला घाबरायची.

आज फार बरं वाटलं. एरवी मी स्वतःला शाबासकी देत नाही, आज दिली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. घोडेगाव

शिवजयंती. खाली रस्त्यावर ढोल, भगवे झेंडे, बाइकवाली पोरं. खिडक्या लावून बसलो तरी एकमेकींशी ओरडूनच बोलावं लागलं. स.नं डबा उघडला, मी माझा. नेहमीसारखं सोबत जेवलो.

मग म्हणाली, "रविवारी आमच्या शेजारी तुमच्या दिरांची वास्तुशांत आहे ना? आम्हालापण आमंत्रण आहे. मला पंगतीत बसायचंय. सगळ्यांसारखं." मासवडी आहे का, हेही विचारून घेतलं. गेल्या सात-आठ महिन्यांत तिनं स्वतःहून कुठल्या पदार्थाचं नाव घेतलेलं मला आठवत नाही. कोणी काही बोललं तर काय करायचं, याची तालीम केली. "शेजारी काकू बसणारे," म्हणाली.

सुमनकाकू म्हणजे धाकट्या चुलत्याची बायको. घर एक, चूल एक. काकूचं तोंड तिखट. सगळ्या घराला बोलावून मी बजावलं होतं की स.च्या ताटाविषयी कोणी चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही, तेव्हा एकटी काकूच भांडली होती, "मंग काय मुक्यानं जेवायचं व्हय?"

"तुम्ही असाल ना?" स.नं विचारलं.

"असेन म्हणजे? थोरली जाऊ आहे मी. वाढायला मीच."

दोघी हसलो. हसण्यावारी नेलं. पेशंट पंगतीत आणि मी वाढपी, हे बरोबर नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. म्हणूनच लिहिते.

बायकांची पंगत मांडवात. मासवडीचं ताट माझ्या हातात. प्रत्येकीला दोन, नको म्हणेल तिला आग्रह करून तिसरी. स. काकूच्या शेजारी. केस धुतलेले, पाठ ताठ. शांत बसली होती. खरंच शांत.

तिच्या पत्रावळीवर एक वडी ठेवली आणि माझा हात थांबला. वाकून हळूच विचारलं, "एवढीच ना? बास?"

हळूच! पंगतीत कधी काही हळू असतं का? समोरच्या ओळीतल्या बायकांनीही माना वर केल्या. स.नं माझ्याकडे पाहिलं. मग काकूच्या पत्रावळीकडे पाहिलं, तिथे दोन होत्या. रस्सा भातात कालवत राहिली, आणि पोटात दुखतंय म्हणून मधूनच उठली. "पंगत उठायच्या आधी उठत्यात का?" कुणीतरी म्हणालंच.

मी तिच्यामागे गेले नाही. पुढची बाई पत्रावळ सरकवून वाट बघत होती. तिला दोन वाढल्या.

आई म्हणायची, वाढणाऱ्यानं काहीही करावं, पंक्तिप्रपंच करू नये. एकाच ओळीत एकीला एक आणि दुसरीला दोन. मी तो मायेनं केला. माझी माया काय कामाची?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

स.च्या आईचा फोन. रविवारपासून पोरगी ताट घेऊन खोलीत जाते, दार लावते. नंतर भाकरी वैरणीत सापडली.

"पंगतीत सुमनच कायतरी बोलली आसंल. शेजारीच बसली व्हती. तिचं तोंड तुमाला ठावंच हाये."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. नंतर बरंच बोलले, जोर करू नका, गुरुवारी आणा, डॉक्टरांना दाखवा. सगळं बरोबर सांगितलं. फक्त ते 'हं' सोडून. फोन ठेवल्यावर परत लावायला हवा होता. लावला नाही. बाहेर डिंगोऱ्याची पेशंट बसली होती हे कारण, आणि ते खोटं. ती अजून आलेलीच नव्हती.

२६ फेब्रु., गुरु.

स. आली नाही. निरोप: अभ्यास आहे.

१ मार्च, रविवार

दिरांचा माझ्या नवऱ्याला, सुनीलला फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा, मग, "अरे, आमच्या शेजारी चूल वेगळी झाली." स.चे वडील आणि चुलता यांची जोरात भांडणं झाली. काकूनं शेगडी आणि भांडी उचलली, मागच्या पडवीत संसार मांडला. दोन्ही भावांचं बोलणं बंद.

सुनील म्हणाला, "एवढं काय बोलली असेल गं ती बाई?"

मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. पेशंटचं घरी बोलायचं नसतं, हा नियम आज माझ्या फार सोयीचा होता.

काकू काही बोलली का, हे तिला कोणी विचारलं असेल का? मी तरी विचारलं नाही.

६ मार्च, शुक्र.

ताईंना सांगितलं. पुण्याहून महिन्यातून एकदा माझ्या केसेस ऐकतात, चुका काढतात. व्हिडिओवर त्यांचा चेहरा बराच वेळ हलला नाही. मला वाटलं नेट गेलं.

"वाढताना हात का थांबला?"

"तिला भीती वाटेल म्हणून."

"कोणाला भीती वाटली?"

मलाच. ती मनाची तयारी करून आली होती, आणि माझाच तिच्यावर विश्वास नव्हता. आईवडिलांना नाकानं कांदे सोलत मीच शिकवते, "तिच्याकडे पेशंट म्हणून बघू नका."

"आणि फोनवर?" ताईंनी विचारलं. लाज वाटली, घाबरले, दुसरं काय.

आधी स.ला सांगायचं. मग तिला विचारून बाकीच्यांना. "आणि लवकर," म्हणाल्या. वैतागल्या होत्या. वैतागायलाच हव्या होत्या.

१२ मार्च, गुरुवार. घो.

स. आली. डॉक्टरांनी दटावलं म्हणून. हनुवटी पुन्हा टोकदार. डबा आणला नव्हता.

मी तयारी केलेलं सगळं विसरले. म्हटलं, पंगतीत चूक माझी झाली.

"माहितीये."

"मग काकूचं नाव…"

"मी नाव घेतलंच नाही. आई म्हणाली, काकू बोलली ना? मी गप्प बसले." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमचं सांगितलं असतं तर पप्पांनी इकडं पाठवलंच नसतं. त्यांना आधीच हे पटत नाही."

म्हणजे ही पोर मला सांभाळत होती. मी हिला सांभाळण्यासाठी फी घेते.

थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्यावर रागावले नाही मी." मग खिडकीकडे बघत, "रागावलेय. मला दोन खायच्या होत्या."

मला रडू आलं. तिच्यासमोर. त्यावर तिलाच मला पाण्याची बाटली द्यावी लागली. चुकांमध्ये आणखी एक जमा.

आईवडिलांना आणि काकूला सांगू का, विचारलं. "सांगा. पण माझं येणं बंद होऊ देऊ नका."

१५ मार्च, रविवार

शिनोली. सुनील येतो म्हणाला, त्याला येऊ दिलं नाही.

स.चे वडील कांदाकाढणीतून आलेले, हातपाय मातीचे. सरळ सांगितलं. वाढताना काय केलं, फोनवर काय बोलले नाही, सगळं. आईनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी हातावरची माती झटकली.

"म्हंजी एका वडीपायी आमचं घर फुटलं."

"हो."

"आन तुमी ऐकत ऱ्हायल्या."

"हो."

"आमच्यातलं कुणी आसं वागलं आसतं, तर तुमी त्याला काय म्हनल्या आसता मॅडम?"

ते उठले आणि बाहेर गेले.

मग मागच्या पडवीत. काकू भाकरी थापत होती. उभ्यानंच सांगितलं. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, काढली.

"दिसलं व्हतं मला. शेजारीच व्हते. मला वाटलं, औषधपान्याचं आसंल कायतरी, डाक्टरी नियम."

"मग तुम्ही घरात बोलला का नाहीत? तुमच्यावर आळ आला तेव्हा तरी?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमीच म्हनल्या व्हत्या ना, पोरीच्या ताटाविषयी तोंड उघडायचं न्हाई. न्हाई उघडलं."

माफी मागितली. म्हटलं, आता घरातल्यांना खरं कळलंय, चूल पुन्हा… तिनं हातानंच थांबवलं. "तसं नसतं मॅडम. येकदा भांडी वाटली का वाटली. आन माझ्या मालकाला सख्ख्या भावानं नाय नाय ते सुनावलं, ते तुमच्या माफीनं पुसतंय व्हय?"

बस म्हणाली नाही. चहाचं विचारलं नाही. आमच्या भागात दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. क्लिनिक बंद ठेवणार होते, पण स.नं येते म्हणून कळवलं. वडील म्हणाले म्हणे, "तिची तिला जायचं तर जाऊ द्या." हे फार झालं. याहून जास्त मागायचा मला हक्क नाही.

स. म्हणाली, आता रोज काकूकडे जेवते. काकूशी बोलायला लागली, मुलांचा अभ्यास घेते. आईचाही फोन: "माझ्याकडं न्हाई जेवत, पन सुमनकडं जेवती. आमी दोघी बोलत न्हाई. पोरगी जेवती ना, मंग म्या बी काय इचारत न्हाई."

घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. महिन्यानं पहिल्यांदा चव लागली.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांचा फोन. नाडी पुन्हा मंद, वजन उतरलंय. "तुम्ही तर म्हणत होता जेवतेय?" आठवडाभर बघू, नाहीतर पुण्याला ॲडमिट.

जेवतेय तर मग कसं? दुपारभर डोकं चालेना. शेवटी काकूला फोन केला. मला वाटलं उचलणार नाही. उचलला.

"येती की रोज. बसती, हासती, पोरांना शिकवती. जेव म्हनलं का म्हनती, आईकडनं जेवून आले. म्या म्हनलं, बरंय बाई, तिकडं तरी खाती."

स. आईला सांगते काकूकडे जेवले, काकूला सांगते आईकडे जेवले. एक चूल होती तेव्हा हे चाललं नसतं. एकाच तव्यावरची भाकरी कोणी खाल्ली, कोणी नाही, बायकांना न बघता कळतं. आता दोन चुली, मधे भिंत, आणि दोन्हीकडच्या बायका बोलतात त्या फक्त माझ्याशी. आजाराला लपायला जागा हवी असते. ती मी करून दिली.

स.चा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

२६ मार्च, गुरुवार. घो.

सकाळी स.ला फोनवर सांगितलं, मला कळलंय. मग, "आईला सांगणार?"

"आईला आणि काकूला. एकत्र बसवून. तुला न सांगता करणार नाही, पण तू नको म्हणालीस तरी थांबणार नाही. तुझी नाडी बघून मला भीती वाटतेय."

"त्या दोघी एका खोलीत बसणार नाहीत," म्हणाली. नको म्हणाली नाही.

दोघींना आज दुपारी बोलावलंय. एकीला दुसरीचं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर एकही आली नसती. पुन्हा एक लपवाछपवी, आणि हीही मीच, त्यांच्या भल्यासाठी. ताई काय म्हणतील माहीत आहे.

स.ची आई लवकर आलीय. बाहेर बाकावर बसलीय, चहा दिलाय. मी आत, फाइल लिहितेय असं भासवून हे लिहितेय. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, आता एक वाक्य आठवत नाही. ताटात काय वाढायचं ते मी सांगू शकते. ह्या दोघींनी एकमेकींशी बोलावं, हे कसं सांगू?

फोन आत्ताच ठेवला. काकूचा होता, दबक्या आवाजात.

"मॅडम, म्या जिन्यात हाये. तुमच्या दारात आमच्या जाऊबाईच्या चपला दिसत्यात. वर येऊ का माघारी जाऊ?"

बाहेर बाकावरचा चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. जिन्यातलं इथे सगळं ऐकू येतं.

उठते.