मिक्सर लावण्याआधी

आई,

मी डॉक्टरांकडे चाललेय, मला ऑटिझम आहे का ते विचारायला. तू म्हणशील, पस्तिशीत हे काय नसतं खूळ, लहानपणी तू चारचौघींसारखीच होतीस. मग मिक्सर लावण्याआधी दरवेळी 'कान झाक गं' असं का सांगायचीस? मला वाटायचं, सगळ्याच घरांत सांगतात. मैत्रिणीकडे राहायला गेले तेव्हा कळलं, कुणीच सांगत नाही. तेव्हापासून मला संशय आहे, पण तू ताकास तूर लागू देत नाहीस.

काल मी लवकर आले. घरात कुणी नाही असं समजून तू मिक्सर लावलास, कानांत कापसाचे बोळे घालून.

डॉक्टरांना मला लहानपणापासून ओळखणारं माणूस हवंय. चारला दवाखान्यात ये. समोर रस्ता खोदतायत. कापूस दोघींना पुरेल एवढा आण.