तीन रेघांची अंडी

फर्दापूर, दि. ५ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस आजी सुगंधाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझा सोनाजीकाका सुट्टी संपवून वाळूजला निघालाय, त्याच्या हाती बारा गावरान अंडी धाडते. टोपली मांडीवर धर म्हणलं, तर म्हणतो मोटरसायकलवर मांडी कुठून आणू. मग एस.टी.नं जा म्हणलं.

अंड्यातल्या पिलाच्या बुबुळावर काच कशी धरते ते तुला बघायचंय म्हणं. एवढ्यासाठी सरकार होस्टेल देतं, बरंय. मशीनच्या उबेवर माझा भरवसा नाय, म्हणून इथूनच तयारी करून धाडलीत. लोभ हायच, टोपली तेवढी परत धाड.

तुझी आजी

छत्रपती संभाजीनगर, दि. ११ जानेवारी २०२५

ती. आजीस ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

अंडी एकही फुटली नाहीत, पण मी अडचणीत आलेय. रविवारी संध्याकाळी ती मशीनमध्ये ठेवली, आज सहावा दिवस. बुबुळावरची काच या दिवशी पाण्यानं फुगलेली असते आणि तिच्या कडेकडेनं बारीक पेशी आत शिरायला लागतात. त्या शिरताना बघायच्या, हाच माझा विषय. माझ्या अंड्यांत मात्र काच पेशींनी आधीच गच्च भरलेली. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तारखा खोट्या लिहिल्यास का. मी रडले नाही.

ते म्हणाले, गावची अंडी सोड, हॅचरीतून आण. मी म्हटलं, आणखी एकदा आजीचीच आणते. तर म्हणाले, ही शेवटची खेप, चुकली तर विषय दुसऱ्याला देईन.

अंड्यांवर तीन-तीन काळ्या रेघा होत्या. दृष्ट लागू नये म्हणून ओढल्यास ना? मशीनमध्ये स्वच्छ अंडं लागतं, म्हणून स्पिरिटनं पुसल्या. रागावू नकोस, माया असू दे.

तुझी ज्ञानू

फर्दापूर, दि. १२ जानेवारी २०२५

चि. ज्ञानूस आशीर्वाद. वि. वि.

दृष्ट लागायला ती काय नवऱ्या मुली हायेत? अंडं खुडूक कोंबडीखाली जितके दिवस, तितक्या कोळशाच्या रेघा. लहानपणी तूच माझ्या हातात कोळसा आणून द्यायचीस. तांबडीला तीन दिवस बसवली होती त्यांच्यावर. माझे तीन अन् तुझे सहा, नऊ झाले. मी चौथीतून शाळा सोडली तरी मला मोजता येतं. तू सोळा वर्षं शिकलीस अन् पुसून टाकलंस.

पण चूक माझी बी हाय. मला वाटलं तुला पिलं लौकर पायजेत. विचारलं नाय.

आता सोनाजीबरोबर बारा अंडी येतायत, काल-आजची. कोंबडी वर बसू दिली नाय, रेघ नाय. हे पत्र तुझ्या सरांना दाखव. लेकराला खोटं म्हणायच्या आधी विचारायची रीत आमच्यात हाय, त्यांच्यात नसंल तर शिकून घ्या म्हणावं. जिवाला जप, जेवत जा.

तुझी आजी

छत्रपती संभाजीनगर, दि. १८ जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

दिसलं, आजी. सहाव्या दिवशी पेशी चारी कडांनी आत शिरताना दिसल्या. आता चौदाव्या दिवसापासून काचेतलं पाणी ओसरायला लागेल आणि पिलू बाहेर यायच्या आधी ती आरपार स्वच्छ होईल. पाणी गेलं की मगच उजेड आत जातो.

सरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. पुस्तकातलं नवव्या दिवसाचं चित्र माझ्या जुन्या नोंदीशेजारी ठेवलं, ते हुबेहूब जुळलं. तारीख खोटी नव्हती, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. विषय माझाच राहिला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायचे असतात, तिथं पहिलं नाव तुझं लिहिलंय. नको म्हणू नकोस. आशीर्वाद दे.

तुझी ज्ञानू

फर्दापूर, दि. १९ जानेवारी २०२५

चि. ज्ञानूस आशीर्वाद. वि. वि.

पत्र सोनाजीनं आणून दिलं. शेजारच्या सरूबाईला वाचून दाखवलं, मग तिनंच दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तुझे सर चुकले ते चारचौघांत बोलले, म्हंजी माणूस बरा हाय.

नाव लिहायचं तर लिही. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, म्हणून मला तसली भाषा येत नाय. पण सांगते ते नीट वाच. माझ्यामुळं तुझ्यावर खोटेपणाचा आळ आला. सरांचं ऐकून हॅचरीतून आणली असतीस तर तुला सोपं गेलं असतं, कुणी नावं ठेवली नसती, मी बी नाय. तरी तू विषय पणाला लावून परत माझ्याच दारी अंडी मागितलीस. सत्तर वर्षांत असं माझ्यासाठी कुणी केलं नाय.

तुझी आजी
सुगंधाबाई