जनरलसाहेबांची काठी

मी, दत्तप्रसाद माधव बोरुडे, वय अठ्ठावन्न, मूळचा अहमदनगरचा, सध्या राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. हृदयाने एकदा दगा दिला आहे, डोके शाबूत आहे. साधनाचे मत वेगळे असू शकेल.

१. भिंगारचे घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. साधना हिला. घर तिनेच एकटीने राखले, तेव्हा मी 'देतो' म्हणणे हाही आगाऊपणाच.

२. शेजारी मोहिद्दीन दर शुक्रवारी माझ्या हातचे पिठले मुकाट्याने खातो. कुकर त्यालाच द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. म्हणून तो त्याच्या मुलीला, हिबाला.

३. जनरलसाहेबांची काठी. हे कलम जरा लांबेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते. माझे पणजोबा बाबाजी तिथे भाजी पुरवीत. कैद्यांत जनरल हेंड्रिक फान आस होते. मूळचे मेंढ्या पाळणारे शेतकरी. गावकऱ्यांनीच त्यांना सेनापती निवडले. दोन वर्षे त्यांनी इंग्रजांना रानोमाळ फिरवले, रेल्वेचे रूळ उखडले, आणि अखेर घोडा मेला म्हणून सापडले. युद्ध संपले, बोट तयार झाली. राजाशी एकनिष्ठ राहीन, अशा कागदावर सही करायची आणि घरी जायचे, एवढेच उरले होते. जनरलांनी सही केली नाही. किल्ल्यातच बसून बाभळीची काठी कोरली, तिच्यावर आपले नाव घातले आणि पणजोबांना दिली. आमच्या घरी गोष्ट इथेच संपायची.

२००९ च्या मंदीत इथल्या माझ्या कंपनीने माणसे काढली. माझ्यापुढे कागद आला, 'स्वखुशीने राजीनामा देत आहे.' काढत होते ते, खुशी माझी कशी? मी सही केली नाही. साधना आणि मुलगी ईशानी नगरला परत गेल्या. मी भांडत राहिलो, हरलो, आणि हात हलवत परत जायचे नाही म्हणून रास अल खोरला भाजीच्या गोदामात नोकरी धरली. साधना फोनवर म्हणायची, "सोडा ना आता. या घरी." मी जनरलांचा दाखला द्यायचो. एकदा ती म्हणाली, "आणि त्यांची बायको? ती काय म्हणत होती?"

मला माहीत नव्हते. आमच्या घरात कोणी विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षी गोदामात येणाऱ्या एका दक्षिण आफ्रिकन साहेबाला काठीवरचे नाव दाखवले. त्याने जनरलांच्या गावच्या चर्चमध्ये विचारून सांगितले. जनरलांनी पुढच्या वर्षी सही केली होती. घरी पोचले तेव्हा बायकोला पुरून आठवडा झाला होता. पुढे त्यांनी मेंढ्या पाळल्या आणि ते कोणाशी फारसे बोलले नाहीत.

तेव्हापासून हा फ्लॅट मला खायला उठतो. अजून दोघांचा भात लावतो आणि दुसऱ्या दिवशी शिळा खातो. मला साधनाची फार आठवण येते, हे येथे रीतसर नमूद करतो.

काठी साधनाला. तिने चुलीत घातली तरी कोणी हरकत घेऊ नये.

४. माझे चुकले असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही, हे वारसांनी ध्यानात ठेवावे. तरी काल मी गोदामाचा राजीनामा दिला. पेन हातात घेऊन बसलो, तेव्हा मोहिद्दीन म्हणाला, "दत्ताभाऊ, यल्ला, करून टाका सही. खलास!" केली. स्वखुशीने.

गुरुवारचे विमान आहे. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, म्हणून हा खटाटोप. मी पोचलो तर साधनाने हा कागद न वाचता फाडावा. नाही पोचलो, तर ईशानीने आईला सांगावे की बाबा सही करून निघाले होते.

दुबई, दि. १२ मार्च २०१३

(सही) दत्तप्रसाद माधव बोरुडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. मोहिद्दीन अजीज परकार, शेजारी
२. सुजीत वसंत चेंबूरकर, शेजारी